धुराच्या पाल्याचं गाव

म्हैसूरला जाऊन आलेल्या माणसाला लोक राजवाड्याविषयी विचारतात. दिवे लागलेले पाहिलेत का, चंदनाचा साबण आणलात का, साडी घेतलीत का. राजवाडा मी बाहेरून पाहिला, साबण आणला तो शेजारच्या मावशींनी नेला, आणि साडी घेतली नाही. उरलं एक गाव. त्याचं नाव मी लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे; नाव छापून आलं तर तिथल्या एका घराचं नुकसान होईल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी कराडची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे प्रश्न विचारत सुटायची आणि उत्तर पुरतं ऐकून न घ्यायची खोड लागली आहे. भाचा अनिकेत म्हैसूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. 'मावशी, श्रावणात ये, हवा छान असते,' म्हणाला आणि मी गेल्यावर स्वतः सकाळी आठ ते रात्री आठ ऑफिसात. मग मला त्याच्या घरमालकांच्या ताब्यात देण्यात आलं.

हे घरमालक कृष्णोजीराव. सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं जुनं घर लष्कर मोहल्ल्यात, टिनाचे डबे ठोकणाऱ्यांच्या आणि खोगिरं शिवणाऱ्यांच्या गल्लीत. घराणं किती पिढ्यांपासून इथे आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका हं. आमची मराठी अशीच. अर्धी कन्नडा, उरलेली देवालाच गोत्तु." गोत्तु म्हणजे ठाऊक. त्यांच्या बायकोने सारू-भात वाढला आणि वर पुरणपोळी दिली, तीही नारळाच्या दुधात बुडवून. आमच्याकडे असं केलं तर सासू घराबाहेर काढेल. मी तीन खाल्ल्या.

रविवारी त्यांनी बेट्टदपुरच्या टेकडीवरचं देऊळ दाखवायचं ठरवलं. अनिकेतला त्या दिवशीही काम होतं, म्हणून त्याची पांढरी गाडी घेतली. काचेवर त्याच्या ऑफिसचं पार्किंगचं स्टिकर, निळ्या अक्षरांत इंग्रजी नाव आणि खाली नंबर. माझ्या गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हातात वही. तेव्हा या कशाचंच मला काही वाटलं नव्हतं.

हुणसूर

हुणसूरला इडली खाल्ली. कृष्णोजीराव ताशी तीसच्या पुढे गाडी नेत नाहीत, त्यामुळे तिथवर पोचेपर्यंतच भूक लागली होती. हॉटेलवाल्याला मी विचारलं, इथे तंबाखू फार होतो म्हणतात, तो कुठे पाहायला मिळेल? कोण पिकवतं? बायकाही काम करतात का? कृष्णोजीराव कन्नडमध्ये उल्था करून सांगत होते आणि मी वहीत टिपत होते. हॉटेलवाल्याने आधी वहीकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या गाडीकडे. "सरी मेडम, सरी मेडम," म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणाला आणि फोन कानाला लावून मागच्या खोलीत गेला. इडलीचे पैसे मात्र काही केल्या घेईना.

"बघा, पाहुण्याला कसं वागवतात इथे," मी म्हणाले.

"नोडी, बघा, मला हे थोडं ज्यास्तच वाटतंय," कृष्णोजीराव म्हणाले.

हुणसूर सुटलं आणि दोन्ही बाजूंना तंबाखू सुरू झाला. कन्नडमध्ये त्याला होगेसोप्पु म्हणतात. होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. धुराचा पाला. कमरेएवढी झाडं, सुपाएवढी पानं, त्यांवर रात्रीच्या झिमझिमीचं पाणी. धुकं इतकं की शेताचा शेवट दिसत नव्हता. मी गाडी थांबवायला लावली आणि बांधावर जाऊन उभी राहिले.

तिथे कसलाच आवाज नव्हता. आमच्याकडचं शेत कधी गप्प बसत नाही. उसात उंदीर पळतात, कोल्हं असतं, जोंधळ्यावर पाखरं पडतात, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत असतं. इथे कुंपण नव्हतं, बुजगावणं नव्हतं, राखणीची खोप नव्हती. एक पाखरू येऊन बसलं नाही. बांधावर एक शेळी चरत होती, ती पानाला नाक लावायची आणि तोंड फिरवायची.

"याला राखण कशाला?" कृष्णोजीराव म्हणाले. "कोण खातंय? जनावर नाही, माकड नाही. माणूससुद्धा नाही. सगळं जहाजात बसून परदेशात जातं, तिथले लोक ओढतात."

एवढं हिरवं आणि खाण्यासारखं काहीच नाही, हे मनात आलं आणि मला तिथे उभं राहावेना. मी गाडीत येऊन काच वर केली.

बेट्टदपुरच्या वाटेवर

वाटेत पहिलं गाव लागलं ते रिकामं होतं. दारं लोटलेली, पण चुलीचा धूर चालू. प्रत्येक घराला लागून एक उंच, बिनखिडक्यांची खोली, घराच्या दीडपट उंच, भिंतीवर रंगाने काढलेला नंबर. ह्या खोलीला इथले लोक ब्यारन म्हणतात. हिच्यात पानं काठ्यांना बांधून आढ्यापर्यंत टांगतात आणि बाहेरून लाकडं जाळून, लोखंडी नळ्यांतून ऊब सोडून पाच-सहा दिवस वाळवतात. आमच्या भागात तंबाखू उन्हात वाळतो. इथे त्याला घर बांधून देतात, आणि ते माणसाच्या घरापेक्षा चांगलं असतं.

गावात माणूस दिसेना. एका ओट्यावर लहान मुलांच्या चपलांचे पाच-सहा जोड, वेडेवाकडे सोडलेले. रस्त्यात सायकलचं टायर आडवं पडलेलं, अजून थोडं हलत होतं. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही, पण एका घराची कडी आतून हळूच बसल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

"ताई, इथून बिडा, निघा. पुढे जाऊ या," कृष्णोजीराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तरी मागे वळून पाहायचं मी टाळलं, हे कबूल करते.

पुढच्या गावात मात्र माणसं होती. आणि मला तीच जास्त भयंकर वाटली.

एका अंगणात सात-आठ बायका एका ओळीत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात कोपरापर्यंत निळे हातमोजे, अंगावर काळा रबरी एप्रन, पायांत बूट. पुढे पानांचा ढीग. त्या पानं काठीला बांधत होत्या, पण इतक्या सावकाश की हात चालतायत की नाही कळत नव्हतं. बोलणं नाही, हसणं नाही. जगात कुठे आठ बायका एकत्र बसून गप्प राहिलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. हातमोज्यांवर घडीच्या रेघा तशाच होत्या. मी गाडीतून उतरले तशा सगळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई पुढे आली. "बन्नि, या मेडम," म्हणाली. तिचं नाव गौरम्मा. घर तिचं, ब्यारन तिचा. खुर्ची आली, शहाळं आलं, आणि पाठोपाठ एक जाड वही माझ्यापुढे उघडून धरली गेली. वही पुढे आली की सही करायची, ही माझी तीस वर्षांची सवय. मी सही केली, तारीख घातली, आणि मग विचारलं, ही कसली वही? कृष्णोजीरावांनी वाचायला घेतली तोवर मी पुढचा प्रश्न टाकलासुद्धा.

"तुमची मुलं कुठे आहेत? गावात एकही मूल दिसत नाही."

गौरम्मा जमिनीकडे पाहत म्हणाली, "शाळेत, मेडम."

"रविवारी?"

बायकांनी माना खाली घातल्या आणि निळे हात पुन्हा सावकाश हलू लागले.

मी उठून ब्यारनपाशी गेले. दार लावलेलं, कडीला सुतळी गुंडाळलेली. बाजूला भट्टीचं तोंड, आत लाकडं रचलेली, आणि समोर गौरम्माचा मुलगा मंजू उकिडवा बसलेला. हातात काड्यांची पेटी. पेटी उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. पानं भरून झाली, लाकडं रचून झाली, तरी हा बसून का राहिलाय? मास्तरणीचा स्वभाव, मी विचारलं, "आग का लावत नाहीस?"

कृष्णोजीरावांनी कन्नडमध्ये सांगितलं आणि मंजूचा चेहरा पांढरा पडला. त्याने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. मग त्याने काडी ओढली आणि मूठभर गवत भट्टीच्या अगदी तोंडाशी पेटवलं, लाकडांना लागणार नाही असं. थोडासा धूर आत ओढला गेला.

आणि ब्यारनच्या आतून दारावर तीन थापा पडल्या.

अंगणातले सगळे हात थांबले. पण एकीनेही दाराकडे पाहिलं नाही. मला आजही आठवतं ते हेच. आवाज सगळ्यांनी ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"येनु इल्ल, मेडम. काही नाही. गाळी आहे," गौरम्मा म्हणाली. गाळी म्हणजे वारा, आणि या भागात बायकांना झपाटणारं जे काही असतं त्यालाही गाळीच म्हणतात. कृष्णोजीरावांनी माझी बाही धरली. "ताई, चला. असल्या जागी थांबू नये."

तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं. अगदी बाईमाणसाचं, तोंडावर पदर धरून दाबलेलं खोकणं. भूत काही पदर धरून खोकत नाही. मी पुढे होऊन पायाने ते जळतं गवत तुडवलं आणि मंजूला म्हणाले, "दार उघड."

तो दाराला पाठ लावून बसला आणि रडायला लागला. चांगला मिशीवाला, तीस वर्षांचा गडी.

अंगणात

तोवर कृष्णोजीरावांनी वही वाचली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, घोटाळा झालाय. ही तपासणीची वही आहे. परदेशी खरेदीदाराचा माणूस येतो, तो सही करतो. तुम्ही केलीत."

मग रडता रडता मंजूच्या तोंडून निसटलेलं आणि स्वतःला ठाऊक असलेलं जोडून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पान विकत घेणाऱ्या परदेशातल्या कंपन्यांनी नियम घातलेत: पानाजवळ लहान मूल दिसता कामा नये, गरोदर बाई दिसता कामा नये, हातमोजे पाहिजेत, लाकूड कुठून आणलं ते सांगता आलं पाहिजे. प्रत्येक ब्यारनला नंबर, प्रत्येक नंबराचे फोटो. नियमात खोट सापडली की नंबर कापला जातो, आणि वर्षाचं पान घरात पडून राहतं; ते दुसरं कुणी घेत नाही आणि घरात कुणाच्या उपयोगाचं नाही. हुणसूरच्या हॉटेलवाल्याने माझी वही आणि गाडीवरचं इंग्रजी नाव पाहून, फोन करून वाटेवरच्या गावांना सावध केलं होतं. मुलांना टेकडीकडे पिटाळलं. आणि गौरम्माची सून, मंजूची बायको भाग्या, सातव्या महिन्याची, तिला ब्यारनमध्ये घातलं. घराच्या खोल्या तपासनीस उघडून पाहतो. पण भरलेला ब्यारन तो कधी उघडत नाही, कारण मध्येच हवा लागली की पान काळं पडतं, हे त्यालाही ठाऊक असतं.

मला इतका संताप आला. आधी त्यांचा, मग त्या न पाहिलेल्या खरेदीदाराचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आग लाव म्हणून मीच सांगितलं होतं.

"सांगा त्यांना, मी तपासनीस नाही. कराडची साधी मास्तरीण आहे. देवळाला निघालेय."

कृष्णोजीरावांनी सांगितलं. गौरम्माने हात जोडले, आणखी एक शहाळं पुढे केलं. "गेल्या वर्षीचे साहेबही असंच म्हणाले, मेडम. सहज शहाळं प्यायला आलोय म्हणाले. नंतर शेजारचा नंबर गेला."

मी जितकं नाही म्हणावं तितक्या त्या जास्त नम्र होत होत्या. आणि आत ती पोरगी ओल्या पानांच्या कोंदटात उभी. दुसरं काही सुचेना, म्हणून मी खुर्ची सोडली, चपला काढल्या आणि त्या बायकांच्या ओळीत मांडी ठोकली. बाह्या वर केल्या आणि उघड्या हातांनी पानं ओढली.

दोन-दोन पानं घ्यायची, देठ जुळवायचे, सुतळीचा एक वेढा, मग काठीच्या दुसऱ्या बाजूला दोन. वेणी बांधण्याहून काही वेगळं नाही, फक्त फुलांच्या जागी हत्तीचे कान. मी जन्मभर गौरीच्या वेण्या बांधल्या आहेत. पानं थंडगार, ओली. हाताला काळा चिकट डिंक लागत होता, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पहिली काठी मी शेजारणीच्या आधी संपवली. ती टक लावून पाहत होती. दुसऱ्या काठीला तिच्या तोंडून हसू फुटलं. ती काहीतरी म्हणाली आणि सगळी ओळ खिदळली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, असला तपासनीस तिने जन्मात पाहिला नाही. हात बघा म्हणते, आमच्यापेक्षा घाण झाले."

शेजारणीने आपले हातमोजे काढले. मग दुसरीने, तिसरीने. काढलेले मोजे पुसून, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत परत. आत्ताच पाहिलेल्या त्या आठ मुक्या बाहुल्यांमधून आठ बायका बाहेर आल्या आणि एकाच वेळी बोलू लागल्या. गौरम्मा थोडा वेळ माझ्या काळ्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने मंजूला हाक मारली आणि दाराची सुतळी सुटली.

भाग्या बाहेर आली. बावीस-तेवीसची असेल. केसांतून घाम निथळत होता, साडी अंगाला चिकटलेली, दोन्ही हात पोटाखाली धरलेले. उजेडात येऊन तिने डोळे किलकिले केले, मला पाहिलं आणि घाबरून पुन्हा आत जायला निघाली. बायकांनी ओरडून सांगितलं तेव्हा थांबली, हसली, दोन तांबे पाणी प्यायली. मी वेळेवर दार उघडवलं याचा मला फार आनंद झाला होता. इतका की ती माझ्याच शेजारी येऊन बसली, तिने ढिगातून पानं ओढली आणि उघड्या हातांनी बांधायला घेतली, तरी माझ्या काही लक्षात आलं नाही.

जेवण आणि नंतर

जेवायला नाचणीचा मुद्दे होता, म्हणजे उकडीचा गोळा, आणि पातळ सारू. गोळा चावायचा नाही, नुसता गिळायचा. मी चावला आणि बायकांची करमणूक झाली. चव छान होती म्हणून विचारलं, नाचणी घरची का? "रेशनची," गौरम्मा म्हणाली. पालेभाजी हुणसूरच्या बाजारातली. डाळ दुकानची. सगळीकडे शेतच शेत, आणि ताटात शेतातलं एक पान नाही. मला त्या अन्नाची दया आली, असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण तसंच वाटलं.

हात धुताना डिंक निघेना. चिंच लावून चोळला तरी बोटं काळीच. आणि मग अंगण हळूच एका बाजूला कलंडलं.

मी खांब धरला, तर खांबही सरकला. तोंडात पाणी सुटत होतं, कानात वारं घोंघावत होतं, ब्यारन जागचा उठून माझ्याकडे येतोय असं दिसत होतं. मी त्याला नको म्हणून हात केला, असं कृष्णोजीरावांनी मला नंतर सांगितलं. मग सगळं जेवण अंगणात ओकून टाकलं. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेली मी, अंगात तंबाखू भरून घेऊन पडले होते. तो पानाच्या पाण्यातून, हाताच्या कातडीतून आत गेला होता.

"गाळी लागली," बायका मायेने हसत म्हणाल्या. कुणी मीठ-मिरची ओवाळली, कुणी कपाळाला ओलं फडकं लावलं. भाग्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. तिची बोटंही काळीच होती. ती हळूहळू बोलत होती आणि कृष्णोजीराव सांगत होते.

"म्हणते, पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांना होतं. तीही लग्न होऊन आली त्या वर्षी रोज ओकायची. मग पानाला आपली ओळख होते, मग ते त्रास देत नाही."

"आणि बाळाला?" मी विचारलं.

त्यांनी विचारलं. भाग्या सहज काहीतरी म्हणाली. कृष्णोजीरावांनी ओलं फडकं पुन्हा पिळून माझ्या कपाळावर ठेवलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा अडखळत म्हणाले, "म्हणते, आधी सोप्पु हातात घेतला की फार लाथा मारायचं. गेले तीन दिवस शांत आहे. त्यालाही ओळख झाली म्हणते."

मी तशीच उठून बसले. अंगण फिरत होतं तरी उठले. "सांगा त्यांना," मी ओरडले, "मी तपासनीसच आहे! खोटं बोलत होते. ही बाई आत्ताच्या आत्ता दवाखान्यात गेली पाहिजे, नाहीतर नंबर कापते म्हणावं!"

त्यांनी सांगितलं. आणि सगळं अंगण हसत सुटलं. त्यांच्या अंगणात बसून ओकणारी, काळ्या हातांची तपासनीस! भाग्यासुद्धा पोट धरून हसत होती. मी रडकुंडीला आले. एवढा खटाटोप करून मी मिळवला होता तो विश्वास, आणि त्यामुळेच आता माझा धाक कुणाला वाटत नव्हता.

एकटी गौरम्मा हसली नव्हती. तीन दिवसांची गोष्ट तिला सुनेने सांगितली नव्हती. तिने भाग्याच्या हातातली काठी काढून घेतली, बाजूला ठेवली, आणि कृष्णोजीरावांना एकच शब्द विचारला. "कारु?" गाडी.

परत हुणसूर, परत गाव

त्या दिवशी कृष्णोजीरावांनी गाडी ताशी साठने नेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. बराच वेळ नुसती खरखर. गौरम्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती. यंत्र डावीकडे सरकलं, खाली सरकलं, आणि मग एक बारीक ठोका ऐकू आला. भरभर, पण आहे. गौरम्मा मटकन खाली बसली. मीही तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी एकमेकींची भाषा येत नसताना रडलो.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं: बाळ दमलंय, पण वाचेल. बाळंत होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही. पानाजवळ बसायचंही नाही, त्याच्या वाफेत झोपायचं नाही. भाग्याने निमूट ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. कृष्णोजीरावांनी मला मराठीत सांगितला: "मग मी बसू कुठे?"

मला वाटलं, भाबडा प्रश्न आहे. गावात परतल्यावर कळलं.

गौरम्माने चटई काखेत घेतली आणि सुनेसाठी जागा शोधायला लागली. पडवीत बांधलेल्या काठ्या. माजघरात वाळलेल्या पानांच्या थप्प्या, छताला लागलेल्या. चुलीच्या खोलीत त्याच. गोठ्यात गाय नव्हती, पान होतं. शेजारी विचारलं, तिथेही तेच; पलीकडे तेच. भाग्याचं माहेर टेकडीच्या मागे, तिथे दोन ब्यारन. मी म्हटलं, म्हैसूरला माझ्या भाच्याकडे चला. गौरम्माने हात जोडले. सात महिन्यांची पोटुशी सून परक्याच्या घरी कशी पाठवायची? चटई काखेत घेऊन ती म्हातारी सगळं गाव फिरली आणि परत आली. तोवर धुकं पुन्हा खाली उतरलं होतं. टेकडीवरचं देऊळ काही दिसलं नाही. घरोघरच्या भट्ट्या पेटल्या होत्या आणि सगळीकडे तो गोडसर, डोक्यात जाणारा वास.

भाग्या गाडीच्या मागच्या सीटवरून उतरलीच नव्हती. काचा वर होत्या. ती पाय पोटाशी घेऊन झोपली होती, तोंड थोडं उघडं. इतकी गाढ झोप मी मोठ्या माणसाला लागलेली क्वचितच पाहिली आहे. गौरम्माने काचेतून पाहिलं. मग तिने चटई तिथेच रस्त्यावर अंथरली आणि गाडीला टेकून बसली. मंजू भट्टीपाशी बसून आमच्याकडे पाहत होता. भट्टी पेटली होती, आता त्याला सहा दिवस तिथून हलता येणार नव्हतं.

आम्ही थांबलो. सहा वाजले, साडेसहा झाले. कृष्णोजीरावांना अंधारात नीट दिसत नाही. अनिकेतचे चार फोन येऊन गेले. शेवटी ते हळूच म्हणाले, "ताई, आता निघायला पाहिजे."

गौरम्माने ऐकलं. तिला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. ती उठली, चटई गुंडाळली, आणि दाराच्या मुठीपर्यंत हात नेऊन परत मागे घेतला. कृष्णोजीराव किल्ली हातात घेऊन नुसते उभे होते.

शेवटी दार उघडून भाग्याला मीच उठवलं.